न शिकवता घेतलेली परीक्षा



मध्यंतरी बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी ईमेल करून विचारलं, "सर, तब्येत ठीक आहे ना?" माझी ठीक आहे. आमच्या सौ.चं खुब्याचं ऑपरेशन झालं, २०२५ च्या जानेवारीत. आता ती बरी आहे. काठी घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येते, आणि हा लेख टाकण्याआधी तिने वाचलेला आहे. तेव्हा काळजी नसावी.

लिहिलं नाही, कारण राग आला होता. रागाच्या भरात लिहू नये, असं मी चौतीस वर्षं वर्गातल्या मुलांना सांगत आलो. म्हटलं, शांत होऊ, मग लिहू. पण हा राग काही उतरायला तयार नाही. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगतो. ऑपरेशन झालेलं माणूस ज्याच्या हाती सोपवून तुम्ही घरी पाठवता, त्याला ते माणूस कसं सांभाळायचं हे शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. ते न शिकवता डिस्चार्ज देणं म्हणजे अर्धा उपचार करून पूर्ण बिल घेणं.

आता हकीकत.

संक्रांतीचा आठवडा. हिने तीळ भाजले, गॅस बंद केला आणि मागच्या दारी तुळशीला पाणी घालायला गेली. ओल्या फरशीवर पाय सरकला. मी आत पेपर वाचत होतो. आवाज ऐकून गेलो तर ही आडवी, आणि उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. वाईतच एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. वय तिचं एकाहत्तर, माझं पंचाहत्तर. पुतण्या पुण्यात असतो, त्याने हालचाल करून त्याच रात्री पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. हाडाचा वरचा गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. ऑपरेशन उत्तम झालं. त्या सर्जनच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या दिवशी हिला वॉकर धरून उभं केलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सेस प्रेमळ होत्या, एकेकीच्या वाट्याला डझनभर पेशंट असूनही हसून बोलायच्या. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण पाचव्या दिवशीशी आहे.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला राउंडवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आज डिस्चार्ज बरं का! आजींना घरी न्या." आमच्याकडे जुनी माणसं याला 'दवाखान्यातून सुट्टी झाली' म्हणतात. मी शाळेतला माणूस, सुट्टी म्हटलं की मला आनंदच व्हायचा. हिने लगेच घरचं लुगडं मागितलं. मी पिशव्या भरल्या. आणि मग आम्ही बसलो. दहाचे बारा झाले, बाराचे दोन, दोनाचे चार. विम्याची मंजुरी यायची होती.

मुलाच्या कंपनीचा विमा आहे, आईवडिलांसकट. मुलाने तिकडून फोन करून सांगितलं की विमा नियामक प्राधिकरणाचं २०२४ च्या मे महिन्यातलं परिपत्रकच आहे, हॉस्पिटलकडून अंतिम विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीने मंजुरी द्यायची, आणि उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचे. नियम चांगला आहे. मी काउंटरवर जाऊन विचारलं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, फायनल बिल अजून पाठवायचंय." म्हणजे घड्याळ सुरूच झालं नव्हतं! तीन तास मोजायचे ते बिल गेल्यानंतर, आणि बिल कधी जावं याला घड्याळ नाही. विम्याची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले.

त्या आठ तासांत मी लिफ्टजवळच्या भिंतीवर लावलेला एक फलक चार वेळा वाचला. रुग्णहक्कांची सनद. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली अशी सनद तयार केली होती. पुढे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. आयोगाच्या सनदेत माहितीचा हक्क आहे, आणि ती माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी असंही आहे. रुग्णशिक्षणाचा हक्कसुद्धा आहे. 'शिक्षण' हा शब्द वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, आता कोणी तरी येईल आणि शिकवेल.

आली. सहा वाजून दहा मिनिटांनी एक नर्सताई आली. तिची ड्यूटी संपत होती. हातात फाइल, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि औषधांची पिशवी. मी घड्याळ बघण्याच्या सवयीचा माणूस, म्हणून सांगतो, सात मिनिटं. ही गोळी सकाळ-संध्याकाळ, ही तीनदा, ही रात्री, हे इंजेक्शन रोज पोटात टोचायचं, "अगदी सोपं आहे आजोबा", बाराव्या-तेराव्या दिवशी टाके, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. "घरी कमोड आहे ना?"

नव्हता. आमचं घर जुनं, संडास भारतीय पद्धतीचा. आणि घरी कमोड आहे का, हा प्रश्न मला पाचव्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला विचारला गेला! पहिल्या दिवशी विचारला असता तर मधल्या चार दिवसांत शेजारच्या मुलाकडून कमोडची खुर्ची आणवून ठेवली असती.

"कळलं ना आजोबा?" तिने विचारलं. मी मान हलवली.

मंडळी, त्या मान हलवण्याचा अर्थ माझ्याइतका कोणाला कळणार? चौतीस वर्षं मी फळ्यापुढे उभा राहून 'कळलं का?' असं विचारलं, आणि चौतीस वर्षं सगळ्या वर्गाने मान हलवली. कळलेल्यांनी हलवली, न कळलेल्यांनी जरा जास्तच जोरात हलवली. अनुभवाने शहाणा झालो तेव्हा 'कळलं का' विचारणं सोडून दिलं आणि 'ये इकडे, फळ्यावर करून दाखव' म्हणू लागलो. खरं काय ते तिथे कळतं. मला त्या दिवशी कोणी फळ्यापुढे बोलावलं नाही.

वाई तिथून साधारण नव्वद किलोमीटर. अँब्युलन्स नको, गाडीतून न्या म्हणाले, तेही चालतं म्हणे. पुढची सीट मागे ढकलून तिला कसं बसवायचं हेही कोणी दाखवलं नव्हतं, आम्ही आपलं अंदाजाने केलं. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला ती ओठ दाबून धरत होती आणि मी पुतण्याला "हळू रे, हळू रे" म्हणत होतो. खंबाटकीचा घाट चढताना तर मी डोळेच मिटून घेतले. घरी पोचायला पावणेदहा. शेजारच्या दोन पोरांनी खुर्चीत बसवून तिला चार पायऱ्या चढवलं. आमचा दिवाण गुडघ्याच्याही खाली. त्यावर तिला बसवायचं नाही, हे मला सात मिनिटांतून आठवत होतं. मग दिवाणावर दोन गाद्या, त्यावर तिसरी. ते सगळं डगमगणारं. रात्री अकराला आम्ही घराचं हॉस्पिटल करत होतो.

आणि मग इंजेक्शन. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक, महिनाभर. भरलेली तयार सिरिंज होती. माझ्या हातांनी आयुष्यभर खडू धरला, सुई कधी धरली नाही. सिनेमात डॉक्टर सिरिंज वर धरून हवा काढतात हे पाहिलेलं. मीही तशी धरली आणि हवेचा बुडबुडा काढला. बुडबुड्याबरोबर औषधाचे थेंबही उडाले. मग टोचलं, आणि शाळेत लस टोचल्यावर चोळायचे तसं वरून चोळलं. सकाळी पोटावर रुपयाएवढा काळानिळा डाग. नंतर कळलं की त्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचाच नसतो. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडीची चिमूट धरून टोचायचं, एक दिवस डावीकडे तर एक दिवस उजवीकडे, आणि नंतर अजिबात चोळायचं नाही. एवढं सांगायला किती वेळ लागतो? एक मिनिट. माझ्याकडून एकदा करवून घ्यायला? पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल उघडली. डिस्चार्ज कार्ड चार पानांचं, सगळं इंग्रजीत. मी मराठी माध्यमाचा बी.ए. असलो तरी इंग्रजी वाचता येतं हो. पण हे इंग्रजीही नव्हतं. बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस! बीडी म्हणजे मला ओढायची विडी आठवली, आणि टीडीएस म्हणजे मुदत ठेवीच्या व्याजातून बँक कापून घेते तो. हसू नका, पुढे हसण्यासारखं नाही. दुखण्याच्या गोळीपुढे 'एसओएस' लिहिलं होतं. माझ्या डोक्यात एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाचा संदेश. मी समजलो, अगदी जिवावर बेतलं तरच द्यायची. म्हणून दिली नाही. त्याचा अर्थ 'दुखेल तेव्हा द्या' इतका साधा आहे, हे मला तीन दिवसांनी कळलं. हिचा स्वभाव सोसण्याचा. विचारलं की म्हणायची, "दुखतंय, पण ठीक आहे." ठीक नव्हतं.

आणखी एक अक्षरांचा जुडगा होता, डब्ल्यूबीएटी. त्याचा अर्थ सोसवेल तेवढं वजन टाकून चालायचं. म्हणजे चालवायचं! वॉर्डात ती चार पावलं चालली होती, पण घरी आल्यावर सगळे म्हणाले, "हलवू नका, नवीन सांधा आहे." मलाही पटलं. तीन दिवस आम्ही तिला अंथरुणावर ठेवलं. इतक्या प्रेमाने इतकं चुकीचं मी आयुष्यात काही केलं नसेल.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. ही गाद्यांच्या कडेला पाय सोडून बसलेली, केस सुटलेले, उठायच्या बेतात. मी धावलो. म्हणाली, "सोडा मला. बाबा आलेत न्यायला. टांगा उभा आहे." तिचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, "अगं, मी आहे." तिने माझ्याकडे बघितलं. त्रेपन्न वर्षं संसार केलेल्या माणसाकडे एखाद्या परक्याकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण हो?"

मी घाबरलो. म्हणजे किती, ते मला लिहिता यायचं नाही. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने कार्डावरचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर कोणी तरी उचलला आणि म्हणालं, "सकाळी ओपीडीत घेऊन या." नव्वद किलोमीटर. पहाटेपर्यंत मी तिला धरून बसलो. ती मधेच रडायची, मधेच भिंतीवरच्या मुंग्या दाखवायची. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. सकाळी एक चुलत वहिनी येऊन म्हणाल्या, "दृष्ट काढा भावोजी." मी काढू दिली. त्या क्षणी कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

साडेआठला आमचे नेहमीचे डॉक्टर आले. माझाच जुना विद्यार्थी. त्याने तपासलं, दहा प्रश्न विचारले आणि म्हणाला, "सर, घाबरू नका. बाईंना वेड लागलेलं नाही. याला डिलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना खुब्याच्या ऑपरेशननंतर असं होताना आम्ही नेहमी बघतो. याला एकच कारण नसतं. दुखणं अंगावर काढलं, झोप नाही, पोट साफ नाही, पाणी कमी, लघवीत जंतू, जागा बदलली. सगळं मिळून मेंदू गोंधळतो." मग त्याने इकडे तिकडे बघून विचारलं, "बाईंचा चष्मा कुठे आहे?"

चष्मा हॉस्पिटलच्या पिशवीत होता. तीन दिवस. ती जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय तीन दिवस त्या अंधुक खोलीत पडून होती, दुखत असलेला पाय घेऊन, आणि मी बाजूला बसून डिस्चार्ज कार्ड वाचत होतो.

त्याने लघवी तपासायला पाठवली, दुखण्याची गोळी वेळ ठरवून द्यायला सांगितली, पोट साफ व्हायचं औषध दिलं. चष्मा लावा, समोर कॅलेंडर टांगा, दिवसा खिडक्या उघडा, रात्री छोटा दिवा ठेवा, आणि आजच्या आज चालवा. फिजिओथेरपीची मुलगी पाठवली, तिने मला चांगलं फैलावर घेतलं. चार-पाच दिवसांत ही ताळ्यावर आली. सहाव्या दिवशी सकाळी चहा पिऊन म्हणाली, "अहो, साखर किती घातलीत?" त्या वाक्याइतकं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही.

आता सांगा मंडळी, चूक कोणाची? माझी आहेच. मी ती नाकारत नाही, आणि ती मला शेवटपर्यंत बोचणार आहे. पण मी शिक्षक होतो, म्हणून मला एक कळतं. सबंध वर्ग नापास झाला तर मुलांना झोडपण्याआधी शिकवणाऱ्याकडे बघावं लागतं. मी चार ओळखीच्यांशी बोललो. एकाच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, एकीच्या नवऱ्याचं बायपास, एकाचं प्रोस्टेट, नळी घालूनच घरी पाठवलेलं. प्रत्येकाकडे अशी एक रात्र होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच बावळट.

आता लोक काय म्हणतात ते बघू.

पहिलं म्हणणं, "पूर्वी कुठे कोण शिकवत होतं?" बरोबर, नव्हतं. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके निघेपर्यंत त्यांना सरकारी दवाखान्यातच ठेवलं होतं. सुया, ड्रेसिंग, चालवणं, सगळं तिथेच झालं, आणि घरी आलं ते जवळजवळ बरं झालेलं माणूस. शिवाय घरात आठ माणसं. आता चौथ्या-पाचव्या दिवशी घरी पाठवतात. त्यालाही माझा विरोध नाही. हॉस्पिटलात जास्त राहिलं की नवे जंतू लागतात, खर्च वाढतो, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं. लवकर घरी जाणं चांगलंच. पण मग त्या कमी झालेल्या आठ-दहा दिवसांचं काम कुठे गेलं? ते नाहीसं झालं नाही. ते माझ्या दिवाणावर आलं. नर्सचं काम माझ्याकडे आलं, फक्त नर्सचं शिक्षण आलं नाही.

दुसरं म्हणणं, "डॉक्टर-नर्सेसना वेळ कुठे असतो?" मान्य, माणसं कमी आहेत. पण मी त्या इमारतीत पाच दिवस दिवस-रात्र बसून होतो आणि मला दुसरं कामच नव्हतं. रोज दहा मिनिटं मिळाली असती तरी पुरे होतं. पहिल्या दिवशी घराची चौकशी, दुसऱ्या दिवशी उठवायचं कसं ते, तिसऱ्या दिवशी नर्सताई इंजेक्शन देते ते बघणं, चौथ्या दिवशी तिच्या देखरेखीखाली मीच देणं. कोणत्याही मास्तराला विचारा, अभ्यासक्रम पाच दिवसांत विभागून शिकवायचा असतो, शेवटच्या दिवशी घंटा वाजताना उरकायचा नसतो. आणि हे मी हवेत बोलत नाही. नूरा हेल्थ नावाची एक संस्था २०१४ पासून हेच काम करते आहे. बंगळुरूत सुरुवात झाली, पुढे कर्नाटक, पंजाब, मध्य प्रदेश इथल्या सरकारी रुग्णालयांत गेली. वॉर्डातच नातेवाइकांना बसवून नर्सेस शिकवतात, त्यांच्या भाषेत. गर्दीच्या सरकारी वॉर्डात जे जमतं, ते वातानुकूलित हॉस्पिटलला का जमू नये? परदेशात तर 'मी सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा, करून दाखवा' या पद्धतीला टीच-बॅक असं रीतसर नाव आहे. आमच्याकडे त्याला 'फळ्यावर ये' म्हणतात.

तिसरं म्हणणं, "ब्यूरोतून बाई ठेवा." ठेवली होती, दहा दिवस. बिचारी कष्टाळू होती. पण ते इंजेक्शन तिनेही कधी दिलं नव्हतं, आणि दोन पायांत उशी का ठेवायची हे तिने मलाच विचारलं. आणि बाई ठेवायला पैसे लागतात. मला पेन्शन आहे. ज्याला नाही त्याने काय करायचं?

चौथं, "हल्ली सगळं यूट्यूबवर असतं." असतं. पण रात्री अकराला थरथरत्या हातात सुई धरून पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने बावीस व्हिडिओंमधला खरा कोणता ते ओळखायचं, ही अपेक्षा करणाऱ्याला मी काय बोलणार!

आणि भाषेचं. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही शाळेत पेढे वाटले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी माझ्या बायकोच्या जिवाशी निगडित असलेला कागद मला मराठीत मिळाला नाही. मोठमोठे ग्रंथ नकोत मला. 'दुखेल तेव्हा एक गोळी, दिवसातून जास्तीत जास्त तीन, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर' इतकं मराठी हवं होतं. आणि एका पानावर धोक्याच्या खुणा. पोटरी सुजून दुखली, धाप लागली, जखमेतून पू आला, ताप आला, पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसला, माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर या नंबरावर फोन करा. आणि त्या नंबरावर रात्री दोनला माणूस असावं. पत्ता सांगणारं नको, उत्तर देणारं हवं.

सरकारलाही हे कळत नाही असं नाही. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा औषधपाण्याचा खर्च धरलेला आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ती योजना लागू झाली. म्हणजे उपचार फाटकाशी संपत नाही हे कागदावर कबूल आहे. मग गोळ्यांचे पैसे धरता, त्या गोळ्या देणाऱ्या माणसाच्या शिकवण्याची दहा मिनिटं का धरत नाही?

आता थोडं नातेवाइकांविषयी. हे पान वाचणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईकच आहेत, तेव्हा तोंडावरच बोललेलं बरं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते शिकलेल्या नर्सेससाठी नव्हतं, घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या साध्या बायकांसाठी होतं. त्यात एक अख्खं प्रकरण आजाऱ्याला खोटा धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर आहे. म्हणजे हा रोग जुना आहे, आणि तो फक्त वाईतला नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात चोवीस जण भेटायला आले. प्रत्येकाला चहा. चहा मी केला. सतरा शहाळी आली, आणि चोवीस सल्ले. 'आमच्या ओळखीत एकीला असंच झालं, पुढे ती उठलीच नाही,' हेही तिच्या उशाशी बसून सांगून झालं. सगळे प्रेमाने आले होते, हे मला माहीत आहे. पण त्या आठवड्यात माझ्या सगळ्यात उपयोगी पडली ती समोरची पोरगी. ती आत आलीच नाही. दारातून पोळीभाजीचा डबा दिला आणि म्हणाली, "काका, दुपारी दोन ते चार मी बसते काकूंपाशी, तुम्ही झोपा." मी दोन तास मेल्यासारखा झोपलो. भेटायला जायचं तर असं जावं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या घरात उद्या कोणाचं ऑपरेशन असेल तर पहिल्याच दिवशी, बिलाची चौकशी करायच्या आधी, विचारा, 'घरी नेल्यावर मला काय काय करावं लागेल? ते मला कधी शिकवणार?' सुई दिली तर म्हणा, 'तुमच्यासमोर मी एकदा देतो, बघा बरोबर आहे का.' कार्डावरची अक्षरं कळली नाहीत तर नर्सताईंना शेजारी मराठीत लिहून मागा. कळलं नसेल तर मान हलवू नका. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सगळ्यात वरच्या पिशवीत ठेवा. शिकवल्याशिवाय सही करू नका. त्यांना राग येईल, येऊ द्या. ती भिंतीवरची सनद तुमच्या बाजूची आहे.

मी त्या हॉस्पिटलला पत्र लिहिलं, दोन पानी, मराठीत. उत्तर आलं नाही. परवा पुन्हा एक पाठवलं. तिसरंही पाठवीन. मास्तर आहे, गृहपाठ पुरा करून घेतल्याशिवाय सोडत नाही.

असो. हिने वाचून झाल्यावर एवढंच म्हटलं, "मी तुम्हाला ओळखलं नाही हे लिहायची काय गरज होती?" मी म्हटलं, त्याचसाठी तर हे सगळं लिहिलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग राहू द्या."

तुमच्याकडेही अशी एखादी रात्र झाली असेल तर खाली लिहा. बावळट आपण एकटे नव्हतो, एवढं तरी एकमेकांना कळू दे.